झॉर्कीत न आलेले आबा

१७ नोव्हेंबर २०२४

शाळेतून निवृत्त होऊन सहा महिने झाले. विज्ञानाचा मास्तर घरी बसला की त्याचं काय होतं ते आता कळतंय. भक्ती भाजी चिरते, मी तिला सुरीचा कोन सांगतो. ती सुरी खाली ठेवून नुसती बघते, मी उठून बागेत जातो. बागेतल्या कलमांना माझी ओळख नाही, त्यांना आबांची सवय. सकाळी उठावं असं कारणच उरलं नव्हतं. आज एक मिळालं, म्हणून लिहायला घेतलं.

आबांचा फोटो काढायचा.

आबा नव्वदीला टेकले आणि या घरात आमच्या बापाचा एक धड फोटो नाही. माझ्या लग्नात ते मांडवामागे भाताच्या टोपापाशी होते, फोटोवाला तिथवर फिरकलाच नाही. पुढे मोबाईल आले. पण आबा लंगोटीवर गवत कापत होते तेव्हा कुणीतरी फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. तेव्हापासून मोबाईल वर झालेला दिसला की आबा खांद्यावरचा टॉवेल तोंडावर ओढतात. आमच्या तन्वीच्या फोनमध्ये आजोबांचे म्हणून जेवढे फोटो आहेत ते सगळे टॉवेलचे आहेत.

आज ओटीवर मी झॉर्की पुसत बसलो होतो. रशियन कॅमेऱ्यांचं हे वेड मला दाऊदने लावलं. दाऊद मालवणचा, जन्म बोटीवर गेला. सोव्हिएत युनियन होतं त्या काळी ओडेसा बंदरात बोट लागली की बाकीचे खलाशी काय काय आणायचे, हा कॅमेरे आणायचा. हा झॉर्की त्याचाच, मला त्याने गेल्या दिवाळीत हातात ठेवला. बाकी फेड, झेनिट, स्मेना, ल्युबिटेल मी जुन्या बाजारांतून जमवले. खाऱ्या हवेने लेन्सला बुरशी लागते म्हणून सगळे तांदळाच्या पिंपात पुरून ठेवतो. भक्ती त्यांना सवती म्हणते. तांदूळ घ्यायला गेली की आधी सवतींना बाजूला करावं लागतं, असं तिचं म्हणणं.

आबांनी विचारलं, "ह्यां काय रे?"

"कॅमेरो, आबा. रशियाचो."

"मगे काढ बघूया माजो. थांब, सदरो घालून येतंय."

सदरा घातला, टोपी घातली, खुर्चीत गुडघ्यांवर हात ठेवून बसले. टॉवेल खुर्चीच्या पाठीला. शटर वाजेपर्यंत पापणी लवली नाही. म्हणाले, "ह्यो बरो. आधी बसूक सांगता, मगे काढता. ते मेले चोरून काढतत."

मला भरून आलं, ते लिहून ठेवतो.

२९ नोव्हेंबर

पहिला रोल धुतला. मी स्वतःच धुतो, न्हाणीत. काळ्या पिशवीत हात घालून डबीत भरायचा, मग औषधं, मग दोरीवर वाळत. वाळल्यावर भिंग लावून बघितलं. सगळा वाया.

पुढे कधी मीच विसरेन म्हणून लिहितो. झॉर्कीला डोळा लावला की मधोमध एक पिवळसर चौकोन दिसतो. त्या चौकोनात समोरचा माणूस दोनदा दिसतो. लेन्स फिरवत फिरवत ते दोघे एकावर एक आणायचे. बसले की फोटो स्पष्ट, नाही बसले की धुरकट. त्या दिवशी आबा काही केल्या एक होईनात. मिशा जुळवाव्यात तर कान सुटतात. मला तेव्हाच संशय आला होता. निगेटिव्हमध्ये बघावं तर आबांच्या चेहऱ्याच्या जागी पिठाचा गोळा.

पट्टी पाण्याच्या चुलीत टाकली. वाईट फोटो ठेवायचे नाहीत, हा माझा नियम आहे. भक्ती वासाने नाक धरून आली, म्हणाली, "जाळूक कित्या व्हया? एकदा परत बघा तरी." मी म्हटलं, चुकीचं उत्तर पुन्हा वाचून बरोबर होत नाही.

८ डिसेंबर

झॉर्कीचं वरचं झाकण उघडून आतला स्क्रू जुळवला. त्यासाठी लांबची वस्तू लागते. गजबादेवीच्या कातळावर जाऊन मोबाईलच्या टॉवरवर धरला. टॉवर मधेच कंबरेत वाकलेला दिसतो. म्हणजे आतलं काच-लोलक हललंय. तासभर खटपट करून तो सरळ आणला, अगदी माझ्या डोळ्याला पटेपर्यंत. येताना समाधान होतं.

आबांना पुन्हा बसवलं. आज भक्तीने त्यांची दाढी करून दिली होती, पण हनुवटीवर खुंट राहिलेच. आबा म्हणाले, "रवांदे. तेवढां तरी माजां रवांदे."

१५ डिसेंबर

दुसरा रोल. पहिल्यापेक्षा धुरकट. चुलीत.

४ जानेवारी २०२५

माजघराच्या दाराची चौकट वाकली आहे. डाव्या अंगाला मधोमध पोट आलंय. वाळवीशिवाय हे होत नाही. मी औषध आणून भोकं पाडून ओतलं. भक्ती म्हणते, "खंय वाळवी? माका सरळ दिसता." भक्तीला काय, तिला सगळंच सरळ दिसतं. मी ओळंबा लावून दाखवायला गेलो तर ओळंब्याची दोरीही मधे वाकडी. खिडक्या लावल्या, वारा बंद केला, तरी तेच. हल्ली दोरीसुद्धा चांगली मिळत नाही.

त्यात भक्तीचं एक नवीन टुमणं, साखर तपासून या. मधुमेहाच्या गोळ्या मी पावसात बंद केल्या होत्या, मला काही होत नव्हतं म्हणून. "चाय कपात ओततास ती टेबलार पडता," म्हणते. नवे कप तिनेच आणलेत, तोंडाला अरुंद. त्याला मी काय करू?

शाळेत डोळे तपासणीचं शिबिर आहे म्हणे. ज्या शाळेत मी पोरांना भिंगं, प्रतिमा, मानवी डोळा आणि त्याचे दोष हे धडे पाठ होईपर्यंत शिकवले तिथे मी रांगेत उभा राहून भिंतीवरची अक्षरं वाचू? गेलो नाही.

१९ जानेवारी

फेडवर आबांचा रोल काढला, झेनिटवर अर्धा. तीच गत. फेडही जुळवून घेतला, झेनिटचा आरसा सारखा केला. प्रत्येकात मधोमध मळकट डाग आणि कडेला सगळं बरं. एवढा मोठा देश, अंतराळात माणूस पाठवला, आणि एक सरळ बघणारा डबा करता आला नाही. मोडला तो उगीच नाही मोडला.

आबांना दम लागतो हल्ली. खुर्चीत बसवताना मी धरलं तर हाताला बरगड्या लागल्या. त्यांचा फोटो काढून होईपर्यंत त्यांनी राहावं एवढंच मागणं आहे. आणि हे मागताना लाज वाटते, कारण मागायला हवं ते नुसतं त्यांनी राहावं एवढंच.

९ फेब्रुवारी

आज दाऊदशी कायमचं वाजलं.

आचऱ्यामार्गे एस.टी.ने मालवणला गेलो, झॉर्की त्याच्यापुढे ठेवला आणि सरळ विचारलं, हा असा तू मला दिलास तो माहीत असून की नसून? दाऊदने चष्मा कपाळावर चढवला, झॉर्की डोळ्याला लावला, खिडकीतून बंदराकडे धरला. म्हणाला, "मास्तर, बसता हां एकावर एक. जरासो फुडे गेलोहा, पण बसता."

"कसा बसेल? आतून गेलाय तो. तुझ्या घरात कुणीतरी फिल्म न ओढता वेगाची चकती फिरवली असणार. आतली चाकं त्यानेच मोडतात."

"चाकां मोडली तर शटर चालता काय? वाजता बघ कसो."

"मग फोटो असे का येतात?"

दाऊद हसला. तेच चुकलं त्याचं. म्हणाला, "नाचूक येयना, आंगण वाकडां."

आयुष्यभर मी ही म्हण पोरांना ऐकवली, पण मला कुणी ऐकवली नव्हती. मी बोललो, चाळीस वर्षांची मैत्री म्हणून मोडका माल गळ्यात मारलास. त्याची सून नाझमीन चहा घेऊन आली होती, ती कपांसकट आत गेली. दाऊद म्हणाला, "कॅमेरो हय ठेव. मी रोल काढतंय. मगे बोलूया." मी ठेवला आणि निघालो. चहा घेतला नाही.

१७ फेब्रुवारी

दाऊदने झॉर्की परत धाडला, सोबत फोटो. बंदर, होड्या, जाळं विणणारा कुणी म्हातारा. मागे लिहिलंय, "तुज्या झॉर्कीचे. स्क्रू परत होतो तसो केलंय." भिंग घेऊन बसलो. हेही धुरकटच! म्हाताऱ्याला तोंडच नाही. आणि हा गडी हे स्पष्ट म्हणून पाठवतो. वयाने नजर गेली बिचाऱ्याची, आणि अंगात मस्ती एवढी की कबूल करवत नाही. राग कमी झाला, कीव आली.

स्क्रू मी पुन्हा माझ्या हिशेबाने जुळवला.

२७ फेब्रुवारी

कुणकेश्वरच्या यात्रेला आबा यंदा पहिल्यांदा गेले नाहीत. देव समुद्रावर न्हायला निघाले असतील, ढोल ऐकू येत नाहीत इतक्या लांबून, तरी आबा त्या दिशेला कान देऊन ओटीवर बसले होते. मी म्हटलं, आबा, बसताय का? सदरा घातला. बटणं भक्तीने लावली.

मी जवळ गेलो, लांब गेलो, लेन्स फिरवली, परत फिरवली. आबा म्हणाले, "सत्या, तू माका बघतंस की त्या डब्याक?"

मी म्हटलं, "आबा, हलू नका."

८ मार्च

धुतला. पिठाचा गोळा. चुलीत टाकला. असल्या फोटोने आबांची आठवण ठेवण्यापेक्षा न ठेवलेली बरी. दिल्लीच्या एका संग्रहवाल्याकडे चांगली ज्युपिटर लेन्स आहे म्हणतात. मागवली. महिना लागेल. तोवर आबांना बसवत नाही, त्यांना त्रास होतो.

२४ मार्च

आबा गेले. पहाटे. मी उशाशी होतो.

४ एप्रिल

आज बारावा झाला.

फोटो नव्हता. इतके कॅमेरे तांदळात पुरलेले आणि बापाचा फोटो नाही. तन्वी पुण्याहून आली होती, तिने आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. केंद्रावर नेलं होतं तेव्हा आबांना टॉवेल काढायला लावला होता. पोलिसांनी धरून आणलेल्या माणसासारखे दिसतात. त्याला चंदनाचा हार घातला. येणारा प्रत्येक जण पाया पडून वर बघायचा आणि एक क्षण थांबायचा. धोंडू, आबांबरोबर ज्याने कलमं बांधली तो, हात जोडून म्हणाला, "ह्ये काय भिकाजीदादा नाय. पण आसांदे." कुणी मला बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. "सर एवढे फोटो काढतत," एवढंच कानावर आलं, मागच्या पडवीतून.

दाऊद आला होता. खळ्याच्या कडेला उभा राहिला, भक्तीशी बोलला, गेला. मी त्याच्यापाशी गेलो नाही. तो फोटोकडे बघत होता का तेही मला कळलं नाही, एवढ्या अंतरावरून त्याचा चेहरा लागत नव्हता.

११ मे

आंब्यात दिवस जातात. म्हणजे भक्तीचे जातात. मी पेटीत कच्चे भरले म्हणून तिने मला उठवलं. आबा असते तर नुसत्या वासाने वेगळे केले असते.

ज्युपिटर आली. झॉर्कीला लावली, खळ्यातल्या तुळशीवर धरली. तीही तशीच. मला राग आला नाही. पिंपात ठेवून दिली. आता काय करायची आहे चांगली लेन्स?

वाचायला बसवत नाही. वर्तमानपत्रवाले शाई पातळ करतात. मन कशात लागत नाही म्हणून डोळा ठरत नाही, असं मी मनाशी म्हणतो. दुपारभर ओटीवर त्या खुर्चीसमोर बसतो. खुर्ची हलवायला मी कुणाला देत नाही.

१३ जुलै

पावसाने उघडीप दिली म्हणून बुरशी बघायला कॅमेरे बाहेर काढले. फेडच्या खिडकीत काळे धागे दिसले, मुंग्यांच्या रांगेसारखे, हलणारे. झेनिटमध्येही तेच. झॉर्कीतही. पुसले, फुंकले, काही उपयोग नाही. यंदाचा पाऊसच असा, म्हटलं, सगळ्यांना एकदम लागली.

मग झॉर्की खाली ठेवला आणि आभाळाकडे बघितलं.

धागे आभाळातही होते.

उजवा डोळा झाकला. डाव्यात धागे कमी, पण माड मधेच वाकलेला. डावा झाकला. उजव्यात माड नाहीच. जिकडे बघावं तिथे मळका डाग, आणि डागाच्या कडेने आमचं घर.

हातात कॅमेरा नव्हता. मी खळ्यात उभा होतो, आणि माझ्या हातात कॅमेरा नव्हता.

भक्तीला हाक मारली. ती धावत आली, मी पडलो असं तिला वाटलं. मी म्हटलं, माजघराची चौकट सरळ आहे का? ती म्हणाली, "आसा. पयल्यापासून आसा."

१७ जुलै

आधी कुडाळ, तिथून कोल्हापूर. डोळ्यांची डॉक्टर तरुण मुलगी आहे, तन्वीएवढी. तिने चौकोन चौकोन आखलेला कागद धरला आणि मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं. मी म्हटलं, कोणता ठिपका?

"रेघा सरळ दिसतात?"

"नाही."

"कधीपासून असं दिसतंय, सर?"

मी सांगितलं, नोव्हेंबरपासून. सांगून झाल्यावर कळलं की मी झॉर्कीचं सांगत होतो.

साखरेने आतल्या पडद्यावर पाणी धरलं, आता रक्तही उतरलंय. उजव्याचं मधलं गेलं ते गेलं. डाव्यात सुया टोचून आहे तेवढं धरून ठेवता येतं का ते बघायचं. मी विचारलं, वर्षापूर्वी आलो असतो तर? ती म्हणाली, "सर, त्याचा आता विचार नको करू या." चांगली शिकलेली आहे. वर्गात एखाद्या पोराचा पेपर कोरा असला की मीसुद्धा असंच बोलायचो.

परतताना घाटात भक्तीने माझा हात धरला होता. ती रडत होती का ते मला दिसलं नाही आणि मी विचारलं नाही.

२२ ऑगस्ट

भक्तीने जाड टोकाचं पेन आणून दिलंय. अक्षरं मोठी काढतो. ओळीवर ओळ चढत असेल तर चढो, वाचणार कोण?

दुसरी सुई झाली. डोळ्यात सुई जाताना दिसते, हे एक नवीन शिक्षण.

दाऊदला मीच फोन लावला. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, पण त्याचा आवाज आला आणि मला बोलताच येईना. तो म्हणाला, "रव थंय. येतंय." दुपारी हजर. मी म्हटलं, दाऊद, अंगण सरळ होतं रे. त्याने माझ्या पाठीवर एक जोराचा गुद्दा घातला आणि माझ्याहून मोठ्याने रडला. म्हाताऱ्या खलाशाला रडताना पहिल्यांदाच ऐकलं.

मग मी पिंप पुढे ओढून म्हटलं, हे सगळं घेऊन जा. त्याने एकेक कॅमेरा तांदळातून काढला, डोळ्याला लावला, बाजूला ठेवला. मग पुन्हा पहिल्यापासून सगळे डोळ्याला लावले.

"काय झालं?"

"मास्तर, एक पण जाग्यार नाय. सगळ्यांचे स्क्रू फिरवलंस तू. धडधाकट माणसांक धरान चष्मे लायलंस."

"सगळे बरे होते?"

"होते," दाऊद म्हणाला. नेतो म्हणाला नाही, ठेवतो म्हणाला नाही. संध्याकाळच्या एस.टी.ने गेला.

२४ ऑगस्ट

दाऊद गेल्यापासून एकच हिशेब डोक्यात चाललाय. पहिला रोल मी काढला तेव्हा झॉर्कीच्या स्क्रूला हातही लावलेला नव्हता. कॅमेरा बरा होता. भर उजेडात, लेन्सचं छिद्र बारीक ठेवून काढलेले फोटो, त्यात हातभर चूक झाली तरी चेहरा स्पष्ट येतो, हे मीच दहा जणांना शिकवलंय. नंतर स्क्रू फिरवले त्यातलेसुद्धा बरेच आले असणार. मग भिंगातून पिठाचा गोळा दिसला तो कुणाच्या डोळ्यातला?

मी धुरकट फोटो जाळले असं मला वाटत होतं.

विचार करवत नाही. आज जेवलो नाही.

३ सप्टेंबर

गणपती यंदा नाहीत, सुतकाचं वर्ष. शेजारच्या आरत्या ऐकल्या. काही लिहावंसं वाटत नाही.

१९ ऑक्टोबर

तिसऱ्या सुईनंतर डॉक्टर म्हणाल्या, आहे तेवढं राहील. आहे तेवढं म्हणजे कडा. मी भिंतीकडे बघतो तेव्हा चौकट दिसते, हार दिसतो, आबांच्या जागी डाग. आधार कार्डावरच्या त्या फोटोची मला इतके महिने लाज वाटत होती, आता तोही गेला.

आज भक्ती न्हाणीत पाणी तापवत होती. मी उंबऱ्यावर बसलो होतो. इतके दिवस विचारायचं धाडस होत नव्हतं ते विचारलं. आबांचे ते फोटो मी जाळायच्या आधी तू कधी पाहिले होतेस का?

ती म्हणाली, "एकदा. पयलोच होतो. तुमी बाजारात गेल्लास आणि पट्टी दोरयेर सुकत होती. उजेडात धरून बघलंय."

"मग?"

"उलटां दिसता ना त्यात सगळां. पांढरी मिशी काळी. पण आबाच ते. हनुवटेरचे खुंट मोजून घेवचे, असे."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तुमी भिंग लावन बघी होतास," भक्ती म्हणाली. "माका वाटला, माका दिसता त्याच्यापेक्षा जास्त काय तां तुमका दिसता."

चुलीत ओलं लाकूड होतं, ते फुसफुसत होतं. थोड्या वेळाने ती आपणहून म्हणाली, "हसत होते."

आबा हसत होते? माझ्या आठवणीत ते ताठ आहेत. गुडघ्यांवर हात, टोपी, आणि चेहरा... चेहरा आठवायला गेलो तर तोच गोळा. लहानपणचे आबा आठवतात, माझ्या लग्नातले आठवतात, शेवटच्या हिवाळ्यातले आठवत नाहीत. डबा खाली ठेवल्यावरही मी त्यांना याच डोळ्यांनी बघत होतो. जेवताना, दाढी करताना, बटणं लावताना, उशाशी बसलो होतो त्या पहाटेही. आपला बाप शेवटचा नीट कधी पाहिला ते मला सांगता येत नाही.

भक्तीला विचारलं, कसे हसत होते? कुणाला बघून?

तिने लाकूड आत सारलं.

"तुमका बघान," ती म्हणाली.

मी त्यांच्यापासून चार हातांवर उभा होतो.